न्यायमूर्तिपदाच्या आधीची बावीस वर्षे

(द्वितीय वर्ष बी. ए.)

महाराष्ट्रात 'न्यायमूर्ती' हे पद ज्यांच्या नावाला कायमचे जोडले गेले, असे पहिले नाव महादेव गोविंद रानडे यांचे. शाळेच्या पुस्तकापासून रस्त्याच्या पाटीपर्यंत ते आपल्याला 'न्यायमूर्ती रानडे' म्हणूनच भेटतात. पण मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून त्यांची नेमणूक झाली ती २३ नोव्हेंबर १८९३ रोजी, वयाची एकावन्न वर्षे उलटून गेल्यावर. आणि १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. म्हणजे ज्या पदाने आपण त्यांना ओळखतो ते पद त्यांच्याकडे सव्वासात वर्षांहून थोडेसेही अधिक काळ नव्हते. त्याआधी १८७१ पासून तब्बल बावीस वर्षे ते खालच्या कोर्टांत बसत होते. पुणे, नाशिक, धुळे, मुंबई आणि पुन्हा पुणे अशा बदल्या होत होत्या आणि समोर उभे राहणारे पक्षकार बहुतेक साधी, कर्जबाजारी माणसे होती.

समाजसुधारक रानडे, अर्थशास्त्रज्ञ रानडे, मराठ्यांच्या सत्तेचा उत्कर्ष सांगणारे इतिहासकार रानडे यांच्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. न्यायाधीश रानडे मात्र त्या गर्दीत मागे राहिले. पोटापाण्यासाठी केलेली नोकरी आणि देशासाठी केलेले कार्य अशी त्यांच्या आयुष्याची दोन खाती पाडण्याची आपल्याला सवय झाली आहे. ही वाटणी बरोबर नाही, त्यांचे न्यायदानाचे खरे काम या बावीस वर्षांतच शोधले पाहिजे, असे प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न आहे.

शिक्षण आणि पहिल्या नोकऱ्या

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव नोकरीनिमित्त कोल्हापूरला गेल्यामुळे त्यांचे बालपण तेथे गेले. पुढील शिक्षणासाठी ते मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत आले. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली. १८५९ मध्ये विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा झाली, तीत एकवीस विद्यार्थी उत्तीर्ण झाले आणि त्यांत रानडे होते. १८६२ मध्ये या विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले : रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. आपण आज ज्या विद्यापीठाच्या परीक्षा देतो ते हेच. १८६४ मध्ये रानडे एम. ए. झाले व १८६६ मध्ये एलएल. बी.

यानंतरची काही वर्षे अस्थिरतेची होती. सरकारी भाषांतरकाराचे काम, अक्कलकोट संस्थानचे कारभारीपद, कोल्हापूर संस्थानात न्यायाधीशाची जागा, मग एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन अशी कामे त्यांनी एकामागून एक केली. १८७१ मध्ये ते ॲडव्होकेटची परीक्षा उत्तीर्ण झाले. मुंबईत वकिली करून पैसा आणि नाव मिळविण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला होता. तो सोडून त्यांनी त्याच वर्षी पुण्याच्या सबजज्जाची जागा पत्करली. येथून पुढच्या बावीस वर्षांना सुरुवात होते.

न्यायखात्याची शिडी

ही जागा म्हणजे काय होते हे समजण्यासाठी त्या वेळची व्यवस्था थोडक्यात पाहिली पाहिजे. मुंबई इलाख्यात पूर्वी दोन न्यायव्यवस्था शेजारी शेजारी होत्या. मुंबई शहरापुरते राजाचे सुप्रीम कोर्ट आणि बाकीच्या मुलखासाठी कंपनीच्या अदालती. १८६१ च्या कायद्याने ही दोन्ही एकत्र करून उच्च न्यायालय निर्माण करण्याची सोय झाली आणि १४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबईचे उच्च न्यायालय सुरू झाले. त्याच्या निकालावर शेवटचे अपील लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे.

या कायद्यात न्यायाधीश कोणाला होता येईल हे ठरवून दिले होते. एक तृतीयांश जागा बॅरिस्टरांच्या, एक तृतीयांश सिव्हिल सर्व्हंटांच्या. उरलेल्या जागांसाठी आणखी दोन दरवाजे होते. दहा वर्षे वकिली केलेला वकील एका दरवाजाने जाऊ शके. खालच्या कोर्टात ठरावीक दर्जाच्या जागेवर पाच वर्षे काम केलेला न्यायाधीश दुसऱ्या दरवाजाने. हिंदी माणसाला कायद्याने वाट होती, पण ती अरुंद होती. मुंबईत नानाभाई हरिदास हे या वाटेने गेलेले पहिले. त्यांच्यानंतर १८८९ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग आले, ते वकिलीच्या दरवाजाने. रानडे आले ते खालच्या कोर्टांतून.

उच्च न्यायालयाखाली जिल्हा न्यायाधीश, आणि त्याच्या खाली पहिल्या व दुसऱ्या वर्गाचे सबजज्ज. १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालयांच्या कायद्याने दुसऱ्या वर्गाच्या सबजज्जापुढे पाच हजार रुपयांपर्यंतचे दावे चालत. पहिल्या वर्गाच्या सबजज्जाला रकमेची मर्यादा नव्हती. जिल्हा न्यायाधीशाच्या खुर्चीवर बहुतेक साहेब आणि सबजज्जाच्या खुर्चीवर बहुतेक एतद्देशीय, अशी सर्वसाधारण वाटणी होती. खेड्यातल्या माणसाला सरकारचा न्याय म्हणून जो काही दिसे तो या सबजज्जाच्या रूपाने दिसे. कागदावर ही शिडीची खालची पायरी होती. पण लोकांची सारी वर्दळ याच पायरीवर होती.

पुणे, नाशिक, धुळे

पुण्यात रानडे आले तेव्हा सार्वजनिक सभा स्थापन होऊन एकच वर्ष झाले होते. गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका हे तिचे संस्थापक. सभेमागील अभ्यास आणि विचार मात्र मोठ्या अंशी रानड्यांचा होता. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सभेने लोकांच्या स्थितीची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. १८७८ मध्ये सभेचे त्रैमासिक सुरू झाले व त्यातील पुष्कळसे लेखन रानड्यांचे होते. दिवसा कोर्टात दावे आणि रात्री सभेचे कागद असा हा क्रम होता. नोकर सरकारचा, आणि सरकारच्या शेतसाऱ्यावर टीका करणारे लेखही त्याचेच. ही गोष्ट सरकारला खुपल्याशिवाय कशी राहील?

१८७८ मध्ये त्यांची नाशिकला बदली झाली. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले आणि त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या. पुण्याच्या प्रत्येक शिकलेल्या माणसाकडे सरकार संशयाने पाहू लागले. रानड्यांना धुळ्यास पाठविण्यात आले आणि तेथे त्यांच्या टपालावर पाळत राहिली. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत या दिवसांबद्दल लिहिले आहे. रानड्यांनी या वेळी राजीनामा दिला नाही, तक्रार केली नाही आणि सभेचे कामही सोडले नाही. धुळ्याच्या कोर्टात ते नेहमीप्रमाणे दावे चालवीत राहिले. काही काळाने संशय निवळला व १८८१ च्या आरंभी ते मुंबईस प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट झाले.

या शांतपणाला कोणी भित्रेपणा म्हणेल, कोणी मुत्सद्देगिरी म्हणेल. आपल्याला एवढे दिसते की सरकारी नोकरीत राहून किती बोलता येईल याची मर्यादा रानड्यांनी आयुष्यभर तपासून पाहिली. ती मर्यादा प्रत्येक वेळी थोडी पुढे सरकवली, पण ओलांडली नाही.

सुप्याचा बाजार

आता या लेखाच्या मुख्य भागाकडे वळू.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे आठवड्याचा बाजार भरला होता. त्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. या दंग्यांचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे. माणसांना मारण्यापेक्षा शेतकऱ्यांचा रोख कागदांवर होता. खते, रोखे, हुकूमनामे मागून घ्यावयाचे आणि त्यांची होळी करावयाची, असा प्रकार ठिकठिकाणी घडला.

कागदांवर एवढा राग का? याचे एक टोक थेट अमेरिकेत आहे. १८६१ ते १८६५ या काळात तेथे यादवी युद्ध चालू होते. इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाचा भाव कडाडला. सावकार मोकळ्या हाताने कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळला, कर्ज तसेच राहिले. त्यात जमिनीची फेरपाहणी होऊन सारा वाढला.

दुसरे टोक कायद्यात होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे साध्या रोख्यावरचा दावा तीन वर्षांत लावावा लागे. हा नियम ऋणकोच्या सोयीचा असावा असे वरवर वाटते. प्रत्यक्षात उलटे झाले. मुदत संपत आली की सावकार शेतकऱ्याला बोलावून नवा रोखा लिहून घेई. जुने मुद्दल आणि तीन वर्षांचे व्याज मिळून नवे मुद्दल होई. तीन वर्षांनी पुन्हा तेच. शेतकऱ्याला वाचता येत नसे. आपल्या नावापुढे नांगराची निशाणी करून तो घरी जाई. पुढे समन्स निघाले तरी ते त्याच्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. पोहोचले तरी तालुक्याला जाऊन सांगायचे काय? मग एकतर्फी हुकूमनामा, त्यावर दरखास्त, त्यावर जप्ती. कोर्टात सर्व काही कायदेशीर झालेले असे. रोखा खरा, निशाणी खरी, साक्षीदार खरे. फक्त शेतकऱ्याने घेतलेले पैसे आणि रोख्यावरची रक्कम यांचा एकमेकांशी संबंध उरलेला नसे.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता. एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही, असा तो नियम. मुंबई इलाख्यातील कोर्टे तो मानीतही असत. पण दर तीन वर्षांनी व्याजाचेच मुद्दल होऊ लागल्यावर दामदुपटीचे कुंपण कितीसे उपयोगी पडणार?

खताच्या पाठीमागे जाणारा कायदा

दंग्यांची चौकशी झाली, तिचा अहवाल झाला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट' हे त्याचे सरकारी नाव. पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला.

या कायद्याने न्यायाधीशाला एक नवे काम सांगितले. समोर आलेला रोखा खरा आहे एवढे पाहून त्याने थांबावयाचे नव्हते. रोख्याच्या पाठीमागे जावयाचे होते. व्यवहार प्रथम केव्हा सुरू झाला, हातात पैसे किती पडले, फेड किती झाली, याचा हिशेब अगदी आरंभापासून मांडावयाचा. मुद्दल वेगळे, व्याज वेगळे. प्रतिवादी शेतकऱ्याला कोर्टात बोलावून त्याचे म्हणणे ऐकावयाचे. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याची पद्धत बंद झाली. जी जमीन स्पष्टपणे गहाण लिहून दिलेली नाही ती विकता येणार नाही असे ठरले. कर्ज हप्त्याने फेडण्याची सवलत देण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. शेतकऱ्यांचे दस्त नोंदविण्यासाठी खेड्यांजवळ अधिकारी नेमण्याची तरतूद झाली. फेडीची पावती मागण्याचा हक्क ऋणकोला मिळाला. दाव्याआधी दोन्ही पक्षांत सलोखा घडवून आणणारे पंचही नेमण्यात आले.

आज हे वाचताना साधे वाटते. त्या काळी ते धाडसाचे होते. दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने केलेला करार न्यायाधीशाने जसाच्या तसा अमलात आणावा, ही त्या शतकातील इंग्रजी कायद्याची श्रद्धा होती. हा कायदा म्हणत होता की एकाला वाचता येते व दुसऱ्याला येत नाही, एकाच्या घरात धान्य आहे व दुसऱ्याच्या घरात नाही, अशा दोघांतील 'राजीखुशी' तपासून घेतली पाहिजे.

या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करण्यासाठी विशेष न्यायाधीशाची जागा निर्माण झाली. डॉ. पोलन हे त्या जागेवर असताना १८८१ पासून रानडे त्यांच्या हाताखाली या कामावर आले. १८८४ मध्ये ते पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश झाले व १८८७ मध्ये स्वतः विशेष न्यायाधीश झाले. उच्च न्यायालयात जाईपर्यंत ते याच जागेवर होते.

हे काम एका जागी बसून होणारे नव्हते. जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरावयाचे, तालुक्याच्या कोर्टांची दप्तरे उघडावयाची, सबजज्जांनी हिशेब नीट मांडला आहे की नाही हे निकालावरून तपासावयाचे, चूक दिसली तर दुरुस्त करावयाची, पंचांचे काम पाहावयाचे आणि वर्षाअखेर अहवाल लिहावयाचा. रमाबाईंनी या फिरतीच्या दिवसांचे वर्णन केले आहे. ज्या माणसाने सभेच्या त्रैमासिकात शेतकऱ्यांच्या दारिद्र्यावर लिहिले, तोच आता त्या दारिद्र्याचे एकेक खत हातात घेऊन पाहत होता. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात त्यांनी हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. इंग्रजी पुस्तकांतील अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना सारखे लागू पडत नाहीत, देशाची स्थिती पाहिली पाहिजे, असा त्याचा आशय होता. हा विचार त्यांना केवळ ग्रंथांतून सुचला असेल असे वाटत नाही. या दप्तरांचाही त्यात मोठा वाटा असला पाहिजे.

कायद्याने सगळे प्रश्न सुटले असे नाही. सावकारांनी पुढे गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून घेण्यास सुरुवात केली. कागदावर विक्री आणि तोंडी बोली गहाणाची! कायद्याने खताच्या मागे जावे तर खताने आणखी मागे सरावे, असा हा पाठशिवणीचा खेळ चालू राहिला.

येथे एक गोष्ट सांगण्याजोगी वाटते. आमच्या घरात कागद वाचणारी पिढी माझ्यापासून सुरू झाली. आजोबांच्या वेळच्या एका जमिनीच्या कागदावर अंगठ्याचा निळा ठसा आहे आणि वरचा मजकूर काय होता हे त्यांना शेवटपर्यंत दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागले. वसई-विरारच्या बाजूला अशी घरे पुष्कळ आहेत. त्यामुळे १८७९ च्या कायद्याची कलमे वाचताना तो इतिहासाचा धडा वाटत नाही.

उच्च न्यायालयात

१ सप्टेंबर १८९३ रोजी न्यायमूर्ती तेलंगांचे अकाली निधन झाले. त्यांचे वय त्रेचाळीस वर्षांचे होते. त्यांच्या जागी रानड्यांची नेमणूक झाली. एव्हाना ते दुसऱ्या अनेक कामांतून सरकारला परिचित झाले होते. १८८५ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांची नेमणूक झाली होती व १८८६ च्या वित्त समितीवर त्यांनी काम केले होते.

ओव्हल मैदानासमोरची उच्च न्यायालयाची दगडी इमारत १८७८ मध्ये पुरी झाली. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल. या इमारतीत रानड्यांनी न्यायदान केले. मोफसलातील दावा तालुक्यातून जिल्ह्याला आणि तेथून अपिलात मुंबईला यावयाचा. त्या कागदपत्रांच्या मागील गाव, वाडा, भाऊबंदकी, सावकारी ही सारी दुनिया वीस-बावीस वर्षे जवळून पाहिलेला न्यायाधीश आता वर बसला होता. याच सात वर्षांत, १८९६ मध्ये, त्यांनी डेक्कन सभा स्थापन केली. १८९८ मध्ये त्यांचे अर्थशास्त्रावरील निबंध व १९०० मध्ये मराठ्यांच्या उत्कर्षावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रकृती मात्र खालावत गेली आणि पदावर असतानाच त्यांचा अंत झाला.

याच सुमारास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जॉन मार्शल हार्लन नावाचे न्यायाधीश होते. १८७७ पासून १९११ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, ते त्या पदावर होते. केंटकी राज्यातील गुलाम बाळगणाऱ्या घराण्यात त्यांचा जन्म झाला होता. पण १८९६ मध्ये आगगाडीत काळ्या व गोऱ्या उतारूंचे डबे वेगळे ठेवण्याचा कायदा जेव्हा त्या न्यायालयाने वैध ठरविला, तेव्हा विरुद्ध मत देणारे ते एकटे होते. पुढे १९५४ मध्ये शाळांच्या प्रश्नावर निकाल देताना त्याच न्यायालयाने वेगळेपणा म्हणजे समानता नव्हे असे मान्य केले.

हार्लन आणि रानडे यांची तुलना सरळ होऊ शकत नाही. अमेरिकेत राज्यघटना होती, आणि घटनेविरुद्ध असलेला कायदा रद्द ठरविण्याचा अधिकार तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८०३ पासून वापरला होता. रानड्यांना असे हत्यार नव्हते. सरकारने केलेला कायदा चालविणे एवढेच त्यांच्या हाती होते. ज्याला कायदा मोडीत काढता येत नाही त्या न्यायाधीशाने काय करावे? कायद्यात जेवढी जागा दिली आहे तेवढी दुर्बळाच्या बाजूने पुरेपूर वापरावी, हे रानड्यांच्या नोकरीचे उत्तर आहे.

आक्षेपांचा विचार

रानड्यांबद्दल लिहिताना त्यांच्यावरील आक्षेप टाळून चालणार नाही. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी १८७३ मध्ये पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या कुमारिकेशी विवाह केला. पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रकरणात त्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. या दोन्ही प्रसंगी त्यांच्या चाहत्यांनाही वाईट वाटले. मात्र त्याच पत्नीला त्यांनी शिकविले, आणि रमाबाई पुढे पुण्याच्या सेवासदनाच्या प्रमुख झाल्या, हेही तितकेच खरे.

अधिक गंभीर आक्षेप महात्मा फुले यांचा आहे. शेतकऱ्यांच्या स्थितीविषयी रानड्यांनी केलेल्या प्रतिपादनाला उत्तर म्हणून १८८५ मध्ये फुल्यांनी 'इशारा' ही पुस्तिका लिहिली. मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रणही त्यांनी त्याच वर्षी नाकारले. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये कचेऱ्यांत आणि कोर्टांत शेतकरी कसा नाडला जातो हे त्यांनी दाखविले आहे. कायदा कितीही चांगला असो, तो राबविणारे कारकून, वकील आणि अंमलदार एकाच थरातले असतील तर शेतकऱ्याच्या पदरात काय पडणार, हा फुल्यांचा प्रश्न होता. रानडे आणि फुले यांच्यात केवळ वैर होते असे नव्हे. १८७५ मध्ये पुण्यात स्वामी दयानंदांच्या मिरवणुकीत दोघेही चालले होते. पण न्यायाकडे पाहण्याच्या त्यांच्या जागा वेगळ्या होत्या. रानडे कोर्टाच्या आतून बाहेर पाहत होते. फुले बाहेर, पायरीवर उभ्या असलेल्या माणसाबरोबर होते.

फुल्यांचा प्रश्न किती खरा होता याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या कर्जापायी नवराबायकोने जमीनदाराकडे आयुष्यभर राबावयाचे, या 'लग्नगडी' पद्धतीविरुद्ध आणि वेठबिगारीविरुद्ध डहाणू, तलासरी, उंबरगाव भागातील वारली आदिवासी १९४५ मध्ये उठले. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा लढा सांगितला आहे. दख्खनच्या कर्जनिवारण कायद्याला तेव्हा सहासष्ट वर्षे झाली होती. विशेष न्यायाधीश येऊन दप्तर तपासील अशी वाट या लोकांनी पाहिली असती तर ते अजून राबतच राहिले असते. त्यांच्यापाशी तपासायला खतसुद्धा नव्हते.

म्हणून रानडे की फुले, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. अन्यायाविरुद्ध उठणारा माणूस नसेल तर कायदा होत नाही. सुप्याचा बाजार पेटला नसता तर १८७९ चा कायदा झाला नसता. आणि झालेला कायदा खतापर्यंत नेणारा न्यायाधीश नसेल तर उठणाऱ्याच्या हाती राखेशिवाय काही उरत नाही.

समारोप

१८ जानेवारी १९४३ रोजी, रानड्यांच्या जन्माला एकशे एक वर्षे पुरी झाली त्या दिवशी, पुण्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे रानड्यांवर व्याख्यान झाले. रानड्यांच्या मर्यादा बाबासाहेबांना ठाऊक नव्हत्या असे नाही. तरीही रानड्यांना त्यांनी मोठे म्हटले, कारण समाजात समतेचे व्यवहार रुजल्यावाचून राजकीय हक्कांना बळ येत नाही हे रानड्यांनी ओळखले होते. पुढे घटनेच्या शिल्पकाराने आपल्या देशातील न्यायालयांना कायदा रद्द करण्याचा तो अधिकार दिला, जो रानड्यांच्या हाती कधीच नव्हता.

थोडक्यात सांगावयाचे तर रानड्यांचे न्यायमूर्तिपद हा त्यांच्या बावीस वर्षांच्या कामाचा सन्मान होता. ते काम मोठ्या इमारतीत झाले नाही, त्यावर टाळ्या पडल्या नाहीत आणि त्यातील बहुतेक निकाल आज कोणाच्या स्मरणात नाहीत. तालुक्याच्या कोर्टात एखाद्या शेतकऱ्याचा हिशेब पहिल्या रुपयापासून पुन्हा मांडला गेला, आणि फेड कधीच होऊन गेली आहे असे त्याला कोणीतरी वाचून दाखविले, एवढेच त्याचे स्वरूप. आपल्यापैकी पुष्कळजण उद्या तलाठी, कारकून, शिक्षक, वकील होतील. एखादा न्यायाधीशही होईल. आपल्या टेबलासमोर कागद घेऊन जो उभा राहील त्याला तो कागद वाचता येत असेलच असे नाही. त्याच्या वतीने तो नीट वाचणे हे कोणत्याही हुद्द्यावरून करता येण्यासारखे काम आहे.